मुळशेतच्या जुन्या देवळातला आहेर

या, आत या. चपला काढल्या तरी चालतील, नाही काढल्या तरी चालतील. मुळशेतचे आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, पण हे देऊळ आता वाद्यांचं संग्रहालय आहे. दोनशेच्या वर वाद्यं आहेत. काचेची पेटी एकही दिसणार नाही, आणि ‘हात लावू नये’ अशी पाटीही नाही. प्रत्येक वाद्याखाली चिठ्ठी आहे, तिच्यावर गावाचं नाव आणि पुढे एकच शब्द, ‘आहेर’. मागे शहरातून एक विद्वान आले होते. ही नोंदीची शास्त्रीय पद्धत नव्हे, म्हणाले. मी त्यांना पायरीवर बसवलं आणि गोष्ट सांगितली. ते जेवूनच गेले.

असे सांगतात की, पूर्वी उधाणाचं पाणी या देवळाच्या पायरीपर्यंत चढायचं, म्हणून गावाने टेकाडावर नवं देऊळ बांधलं. घंटा वर गेली, मूर्ती गेल्या, बाकंसुद्धा गेली. राहिला तो हा वरच्या माळ्यावरचा ऑर्गन, म्हणजे आमच्या जुन्या माणसांची ‘मोठी पेटी’. आंतोन मिस्त्रीने तो माळ्याच्या तुळयांमध्येच बसवला होता. काढायचा तर मोडावा लागला असता. शिवाय त्याच्या भात्याचं चामडं कुजलेलं, त्यामुळे तो कित्येक वर्षं मुकाच होता. मुक्या पेटीसाठी कोण जीव टाकणार?

आंतोनची मुलगी रेजिना टाकत होती. बाप गेल्यावर ती या रिकाम्या देवळात बसून आसपासच्या गावांची वाद्यं दुरुस्त करायची. कुणाची ढोलकी, कुणाची बाजाची पेटी, कुणाचं मडक्यावर कातडं ताणलेलं घुमट. बेचाळीस वर्षांची झाली तरी तिचं लग्न झालं नव्हतं, आणि गावाला तिच्यापेक्षा त्याचीच काळजी जास्त. तिला काळजी एकच, बापाच्या हातची पेटी. ती एकदा वाजलेली ऐकायची, एवढंच तिचं मागणं होतं, पण भात्याला पुरेल एवढं चामडं तिला परवडत नव्हतं आणि वारा कुठे गळतो तेही सापडत नव्हतं.

अशात सरकारचा हुकूम आला. खाडीच्या बंधाऱ्याला दगड कमी पडत होता. रिकाम्या इमारती पाडून दगड न्यायचा, वापरात असेल ती सोडायची. पंधरा दिवसांनी साहेब पाहणीला येणार होता. रेजिनाने विचार केला, त्या दिवशी सगळ्या गावांच्या वाजंत्र्यांना इथे बोलवावं. देऊळ वापरात आहे हे साहेबाने डोळ्यांनी बघावं. तिने अठरा गावांना ‘त्या दिवशी जुन्या देवळात वाजवायला या’ एवढाच निरोप धाडला, आणि निरोपासोबत रीतीप्रमाणे विडा आणि मूठभर तांदूळ.

इथेच ती चुकली. आमच्याकडे वाजंत्र्याकडे विडा जातो तो फक्त लग्नाचा. सणाला, जत्रेला गावचा पुढारी स्वतः जाऊन सांगतो. रेजिनाने आयुष्यभर वाद्यं हाताळली, पण वाजंत्री ठरवायला ती कधी गेली नव्हती. विडा दिला की वाजंत्री येतात, एवढंच तिला ठाऊक. अठरा गावांनी विडा बघितला, तांदूळ बघितले, आणि म्हणे एकच गलका झाला की रेजिना लग्न करतेय, आणि लाजून नवऱ्याचं नाव सांगत नाही.

ठरल्या दिवशी सकाळी रेजिनाने दार उघडलं तर समोर अख्खं वऱ्हाड. नवी लुगडी, बायकांच्या केसांत अबोली, डोक्यावर फुग्यांच्या टोपल्या. फुगे म्हणजे आमचे लग्नातले तळलेले गोल पाव. पुढे तिची फिलू आते, हातात हिरव्या बांगड्या घेऊन.

 खरं काय ते रेजिनाने रडत रडत सगळं सांगून टाकलं. “नवरा नाय गो आते,” ती म्हणाली. “पेटी वाचवायची होती मला.”

फिलू आतेने बांगड्या ओच्यात टाकल्या. मग म्हणाली, “नवरा नाय तर नाय. फुगे तळून झालेत. आता परत कोण नेणार? सर बाजूला, आत येऊ दे लोकांना.”

लोक आत आले. साहेब यायला अवकाश होता. वाडीवरचा जान्या वारली माळ्यावर चढला आणि ऑर्गनला कान लावून बसला. तो तारपा वाजवायचा, भोपळ्याचं ते फुंकायचं लांब वाद्य. वारा कुठे गळतो हे त्याला कळायचं. दादामियाँ नगारेवाल्याने नगाऱ्यासाठी आणलेलं बकऱ्याचं कातडं काढून दिलं. रेजिनाने ते बेतून भात्याला चिकटवलं आणि जान्याने तारप्याचं मेण लावून फटी बुजवल्या. 

दुपारी साहेब आला. त्याने गर्दी बघितली आणि विचारलं, “लग्न कुणाचं?”

“या पेटीचं, साहेब,” रेजिना म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही तिला.

साहेब हसला, पण कागद खिशात ठेवेना. “लग्न एका दिवसाचं. संध्याकाळी तुम्ही सगळे आपापल्या गावी जाणार. उद्या इथे काय असेल?”

  तेव्हा जान्या पुढे झाला. आपला तारपा त्याने दोन्ही हातांनी उचलला, ऑर्गनच्या माळ्याखाली ठेवला आणि म्हणाला, “वऱ्हाड जातंय. आहेर घरातच राहतो ना?”

त्याच्यामागून दादामियाँने नगारा ठेवला. मग सनई आली, घुमट आलं, ताशा आला, कुणाच्या आज्याची फिडल आली. अठरा गावांनी आपापलं एकेक वाद्य इथे ठेवलं. रेजिनाने डोळे पुसले आणि ती माळ्यावर चढून बापाच्या पेटीपुढे बसली. भाता मारायला फिलू आते उभी राहिली, लुगड्याचा काष्टा घट्ट करून. आधी नुसता वारा आला. मग पेटी घुमू लागली, आणि माळ्यावरची इतक्या वर्षांची धूळ खाली सगळ्या वऱ्हाडावर पडली. लोक खोकत होते, हसत होते, आणि आत्ताच दिलेलं वाद्य उचलून तिच्या साथीला वाजवत होते. साहेबाने कागदावर लिहिलं, ‘इमारत वापरात आहे’, आणि तो फुगे खायला बसला.

रेजिना पुढे तीस वर्षं या वाद्यांत राहिली. लग्न तिने केलंच नाही. कुणी टोचून विचारलं तर म्हणे ती हसून सांगायची, “माज्या लग्नाला अठरा गावं आली. नवरा असता तर सगळा आहेर त्याच्या घरी गेला असता.”

आजही त्या तारखेला अठरा गावांना विडा जातो, काही गावं दर वर्षी आणखी एखादं वाद्य आहेर देतात, म्हणून ती दोनशेच्या वर गेली, आणि ज्या गावाचा आहेर त्या गावानेच येऊन वाजवायचा असतो. भाता मारायचा पहिला मान लग्न न झालेल्या बाईचा, आणि त्या दिवशी तिला कुणी काही विचारत नाही. यंदा तो मान माझ्या बहिणीचा आहे. छप्पन्न वर्षांची आहे ती, आणि महिनाभर आधीच नवं लुगडं आणून बसली आहे.