चारशे बारा जोड्या

“एकदाही चुकू नये, यासाठी काय करावं, बुवा?”

बहुधा असंच विचारलं होतं मी. शब्द थोडे इकडचे तिकडे असतील. पंचावन्न वर्षं झाली, आणि माझ्या आठवणीवर माझाच पुरता भरवसा नाही.

अण्णाबुवा तीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून नदीकाठच्या मठात येऊन राहिले होते. सकाळी गावातली मुलं त्यांच्याकडे शिकायला येत. मी त्यांचा जुना विद्यार्थी. एम. ए.ला सुवर्णपदक मिळवलेला... आणि कॉलेजातल्या नोकरीची मुलाखत घालवून आलेला.

उच्चार सारखे आणि अर्थ वेगळे अशा इंग्रजी शब्दांची एक जोडी तिथं विचारली होती. उत्तर येत होतं. पण चुकलो तर, या भीतीनं तोंडच उघडलं नाही. दुसऱ्या कॉलेजातली मुलाखत सोमवारी होती. तीही गेली तर वडिलांच्या ओळखीनं कचेरीत कारकुनी करायची, असं घरी ठरलं होतं.

मी वही पुढं केली. “चारशे बारा जोड्या आहेत. हवामानाचा ‘वेदर’ आणि ‘की नाही’वाला ‘व्हेदर’. शांततेचा ‘पीस’ आणि तुकड्याचा ‘पीस’. सगळ्या पाठ आहेत.”

“मग अडलंय कुठं?”

“समोर माणूस बसला की...”

बुवांनी वही उघडली नाही. ओसरीकडे बोट केलं. तिथं दोन जुळ्या बहिणी पाट्या पुसत बसल्या होत्या.

“एक चंपा, एक शेवंती. चंपाला बोलावून आण.”

मी गेलो. नाक, वेण्या, परकर, सगळं हुबेहूब. मी नुसता बघत उभा राहिलो. त्या माझ्याकडे बघून फिदीफिदी हसायला लागल्या. मी परत आलो.

“ओळखू येत नाही, बुवा.”

“हाक मारलीस?”

“चुकीचीच आली असती तर...”

बुवा उठले. डावीकडच्या मुलीकडे बघून ओरडले, “चंपे, इकडं ये!”

“मी शेवंती! बुवा चुकले, बुवा चुकले!”

ती धावत आली आणि तिनं बुवांचा कान धरून चांगला पिळला. मठातला नियमच होता तसा. बुवा चुकले की मुलांनी त्यांचा कान धरायचा. मागोमाग चंपा आली. तिनं दुसरा कान धरला.

मला ते बघवेना. “अहो, किती दिवस येतात या तुमच्याकडे?”

“तीन वर्षं.”

“आणि अजून चुकता?”

“रोज.”

“काही वाटत नाही तुम्हाला?”

“दुखतं की!” बुवा कान चोळत हसत होते. मग म्हणाले, “तू एकदाही चुकला नाहीस, हे कबूल. पण आली का एक तरी तुझ्याकडे?”

मी चपला शोधायला लागलो.

शेवंतीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “काका, तुम्ही मुके आहात का हो?”

मी नमस्कार केला आणि निघालो. वही बगलेत होती, की तिथंच राहिली? आता सांगता येत नाही. घाटाच्या पायऱ्या निम्म्या उतरलो असेन, तेवढ्यात वरून हाक आली.

“श्रीरंग! सोमवारी वेळेवर जा रे!”

मी थबकलो. चार वर्षं यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसलो होतो मी.

“श्रीपाद!” मी ओरडलो. “श्रीपाद, बुवा! चुकलात तुम्ही!”

घाटावरची कबुतरं उडाली. दोघी बहिणी टाळ्या पिटायला लागल्या.

बुवा म्हणाले, “आवाज आहे की रे तुला.”

ती नोकरी मला मिळाली. पुढं त्याच कॉलेजात विभागप्रमुख झालो, तेव्हा एकदा धीर करून माझ्या मुलाखतीचा जुना कागद काढून पाहिला. सात जोड्या विचारल्या होत्या. सातही उत्तरं मी दिली होती. त्यांतली तीन चूक होती.