यमुनाचे गाल आणि नव्वद कळ्या

डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. तिथली सकाळ मोगऱ्याच्या वासानेच उजाडायची, कारण गोदू आणि तिची आई यमुना उजाडताच गजरे गुंफायला बसायच्या. घरात दोन भांडी, एक चटई आणि टोपलीभर कळ्या. गोदूला त्याचं काही वाटत नसे. तिला दुःख होतं ते एकाच गोष्टीचं. आई तिला गालाला गाल लावू देत नसे.

यमुनाच्या चेहऱ्यावर लालबुंद पुटकुळ्या होत्या. "वयात येताना येतात, जातील," असं लोक म्हणायचे. पण गोदू सहा वर्षांची झाली तरी त्या काही गेल्या नव्हत्या! सल्ले मात्र फुकट मिळत. कुणी म्हणे लिंबू चोळ, कुणी म्हणे टूथपेस्ट लाव. शेजारच्या भागाकाकूंनी तर एका आठवड्यात चार लेप सुचवले. यमुनाने सगळे लावले, वर पुटकुळ्या नखाने फोडल्या. गाल नुसते चुरचुरू लागले.

एकदा गोदू बागेत कळ्या खुडत होती. तोच गुलाबाच्या झुडपातून बारीक रडणं ऐकू आलं. बघते तर काय, चिमणीएवढी परी! निळे-सोनेरी पंख, आणि त्यातला एक काट्यांत अडकलेला.

"ओढू नकोस गं, फाटेल!" परी कळवळली.

"नाही ओढत," गोदू म्हणाली. बोटांना टोचत होतं, तरी ती हळूहळू एकेक काटा मोडत राहिली. ऊन डोक्यावर आलं, तेव्हा कुठे पंख सुटला.

"माग काय हवं ते!" परी झगमगली.

"आईचे गाल बरे होऊ देत. मला तिचा पापा घ्यायचाय."

"होतील हं. पण औषध दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे आहे, त्या सांगतील तसंच लावायचं. मी देते तो धीर." परीने तिला नव्वद कळ्यांचा चिमुकला गजरा दिला. "रोज एक कळी आपोआप उमलेल. पण गालाला नख लागलं, तर सगळ्या मिटतील!"

दुसऱ्याच दिवशी गोदू आईला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाई हसऱ्या होत्या. "अहो, मोठ्या माणसांनाही होतं हे. तुमचं काही चुकलेलं नाही. तोंड हलक्या हाताने धुवा, हे मलम वाटाण्याएवढं लावा आणि धीर धरा. लिंबू आता सरबतालाच ठेवा!"

वीस कळ्या उमलल्या, पण गाल तसेच. उलट दोन पुटकुळ्या वाढल्या! "सोड गं तो नाद," भागाकाकू म्हणाल्या, "मी नवा लेप आणलाय." यमुनाचा धीर सुटला. आरशासमोर तिने नख उचललं.

गोदूने तिचा हात धरला. "आई, कळी नखाने उघडली तर काय होतं?"

यमुना थबकली. हे तिनेच लेकीला शिकवलं होतं. "काळी पडते," ती हळूच म्हणाली, आणि तिने हात खाली घेतला. काकूंचा लेप तसाच परत गेला.

मग कळ्या उमलत गेल्या आणि पुटकुळ्या विरत गेल्या. नव्वदावी कळी उमलली त्या सकाळी गालांवर थोडे फिके डाग तेवढे उरले होते. यमुना खाली वाकली. "ये गं माझी चिमणी," म्हणत तिने आपणहून गाल पुढे केला.

गजऱ्यातून सोनेरी उजेड उसळला. त्यात परी हसली आणि गिरकी घेऊन दिसेनाशी झाली. गोदूने मात्र ते पाहिलंच नाही. आईच्या गालाला गाल लावून तिने डोळे घट्ट मिटले होते.