गोदीला मागे फिरवू नका

त्या वर्षी मांजराकाठच्या वाकसांगवी गावी श्रीसोपानगिरी महाराजांचा चातुर्मास चालला होता. महाराज खंडोबाच्या देवळातील ओवरीत राहत, अंगावर सदा एक घोंगडी. सकाळच्या आरतीला सारा गाव लोटे, आणि सगुणा कोष्टीण आपल्या चार वर्षांच्या गोदीला कडेवर घेऊन येई.

गोदी जन्मली तेव्हाच सुईणीने तिला दिव्याजवळ नेऊन निरखले होते. अंग कापसासारखे मऊ, डोळे बारीक आणि तिरपे, जीभ जराशी बाहेर. पुढे जिल्ह्याच्या डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितले, डाऊन सिंड्रोम. हृदयही जन्मापासून सदोष आहे म्हणाले. "अशा मुलीवर शस्त्रक्रिया करून काय साधणार? आहे तोवर सांभाळा," असे सांगून त्यांनी कागद परत केला.

सगुणा सांभाळत राहिली. पण काय ते सांभाळणे! दूध ओढताना लेकीला धाप लागे, म्हणून तिने कित्येक महिने चमच्याने थेंब थेंब पाजले. मान धरायला वर्ष गेले, पाऊल टाकायला तीन. नवरा मागावर बसला की ती गोदीला शेजारी घेऊन सुताची गाठ मारायला शिकवी. एक गाठ यायला सहा महिने लागले. ज्या दिवशी ती जमली, त्या दिवशी सगुणाने गल्लीत गूळ वाटला.

देवळाचे पंच त्र्यंबकराव यांना मात्र हे लेकरू नजरेसमोर नको असे. एके दिवशी आरतीत गोदी आनंदाने भलत्याच तालात टाळ्या पिटू लागली. त्र्यंबकराव कडाडले, "मागल्या जन्मीचं पाप कडेवर घेऊन गाभाऱ्याशी बसतेस होय गं? हिला काय देव कळतोय? घरी ठेव हिला!"

दोघे-चौघे फिदीफिदी हसले. सगुणाचे डोळे भरले, पण आवाज कापला नाही. "तिला देव कळतो का न्हाई, मला ठाव न्हाई, मालक. पर देवाला ती कळत असंल की."

एवढे बोलून ती उठली. गोदीला मात्र जायचे नव्हते. ती हमसून रडू लागली, आणि रडता रडता तिचे ओठ जांभळे पडले. मान कलंडली. सगुणा तिथेच बसली आणि लेकीचे गुडघे दुमडून तिने छातीशी घट्ट दाबले. अशा वेळी एवढ्यानेच श्वास सुधारतो, हे ती अनुभवाने शिकली होती. आज तो सुधारेना.

महाराज आसनावरून उठून आले. त्यांनी गोदीच्या मस्तकावर हात ठेवला. "माय, धरलेस तसेच धरून ठेव," ते म्हणाले. हळूहळू ओठांवरचा जांभळेपणा थोडा विरला. मग महाराज वळले. "त्र्यंबकराव, तुमची जीप काढा. हिला शहरातल्या हृदयाच्या रुग्णालयात न्या. आत्ताच."

"महाराज, डॉक्टरांनी हात टेकलेत. शिवाय तिथं आपली ना ओळख ना पाळख."

"ओळखीचं मी पाहतो. तुम्ही गाडी चालवा."

महाराजांची आज्ञा! मोडणार कशी? महाराज वेशीपर्यंत सोबत आले. गाडी हलली तेव्हा त्र्यंबकरावांनी मनगटावरचे घड्याळ पाहिले. नऊ वाजले होते.

पाच तासांचा रस्ता. सगुणाने ना झाड पाहिले, ना गाव. लेकीच्या ओठांवरून तिची नजर हटली नाही, हाताची पकड सुटली नाही. अर्ध्या वाटेत त्र्यंबकराव मागे न पाहताच म्हणाले, "थांबू का जरा? हात भरून आले असतील."

"हात माझेच हायती, मालक. तुम्ही थांबू नगा."

त्र्यंबकरावांनी गाडीचा वेग वाढवला.

रुग्णालयाच्या दारातच मोठ्या डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. "वाकसांगवीची गोदी हीच ना?" त्यांनी विचारले. "सकाळी नऊच्या सुमारास घोंगडी पांघरलेले एक बाबा आले होते. म्हणाले, 'माझी नात येते आहे. ती साधी आहे म्हणून तिला मागे फिरवू नका.' मी कागद घ्यायला वळले, तेवढ्यात ते दिसेनासे झाले. चला, आत सगळी तयारी आहे."

नऊ वाजता! त्र्यंबकरावांना निघतानाचे घड्याळ आठवले. नऊ वाजता तर महाराज वेशीवर उभे होते!

शस्त्रक्रिया संध्याकाळपर्यंत चालली. तिसऱ्या दिवशी सगुणाने लेकीची बोटे हातात घेतली, तर नखे गुलाबी! आपल्या लेकीची गुलाबी नखे ती जन्मात पहिल्यांदा पाहत होती. एकेक बोट ओठांना लावत ती किती तरी वेळ रडली.

महिन्याने सगळे गावी परतले. आरतीनंतर गोदी महाराजांच्या मांडीवर झोपली होती, श्वास संथ चालला होता. त्र्यंबकराव पुढे आले आणि "महाराज, चुकलो!" म्हणत वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्या पायांशी काय आहे, त्र्यंबकराव?" महाराज हळू आवाजात म्हणाले. "मी एकदाच निरोप घेऊन गेलो. ही माउली चार वर्षे दर घासाला, दर श्वासाला या लेकरासाठी उभी राहिली. वाकायचे तर तिथे वाका."

सगुणा गोंधळून गेली. "नगा, मालक! तुम्ही वडलांच्या जागी," म्हणत तिने पाय लुगड्यात ओढून घेतले. पण त्र्यंबकरावांनी फेटा उतरवून बाजूला ठेवला, आणि भरल्या देवळात, साऱ्या गावादेखत, सगुणा कोष्टिणीसमोर फरशीवर मस्तक टेकले.