उतरणीचं भाडं

"मग काय, फसवून घ्यायचं का, भन्ते?"

मनोहर रामटेके यांच्या आवाजात प्रश्न कमी आणि फुशारकी जास्त होती.

रामटेके नागपूरचे निवृत्त अभियंते. पत्नी सुलोचनासोबत श्रीलंकेच्या सहलीवर आले होते. कँडीपलीकडच्या डोंगरावर, लहानशा विहारात भन्ते उपसेन राहतात हे कळलं, म्हणून दर्शनाला वर आले. चाळीस वर्षांपूर्वी याच भन्तेंनी त्यांना नागपुरात पाली शिकवली होती.

ऐंशीचे भन्ते चिवराला टाका घालत बसले होते.

"टॅक्सीवाल्यानं जाऊन-येऊन चार हजार सांगितले. परका माणूस दिसला की फुगवूनच सांगतात. पाऊण तास हुज्जत घातली. अडीचवर आणला."

"सुलोचना नाही आली?"

"ती... हॉटेलवरच राहिली."

"बरं नाही तिला?"

"रागावली. म्हणाली, जा तुम्ही एकटेच तुमच्या अडीच हजारांत."

भन्ते हसले नाहीत. दातानं दोरा तोडला.

"रास्त भाडं म्हणजे किती, मनोहर?"

"कमीत कमी जेवढ्यात तो तयार होईल, तेवढं."

"असं... चल, पायी उतरू."

अंगणात टॅक्सीवाला बंदुला गाडीला टेकून उभा होता. भन्ते त्याच्याशी सिंहलीत दोन शब्द बोलले. त्यानं मान डोलावली.

उतार खडा होता. चौथ्या वळणावर रामटेक्यांचा गुडघा बोलू लागला. सातव्यावर ते दगडावर बसले. भन्ते दहा पावलं पुढे जाऊन थांबले.

"भन्ते... गाडी बोलवा."

"किती देशील?"

"मागेल ते!"

"दहा हजार मागितले तर?"

"देईन. पण बोलवा."

"मघाचंही रास्त नव्हतं. हेही नाही."

खाली चहाच्या मळ्यात कुणीतरी कुणाला हाक मारत होतं...

वरून गाडी हळूहळू येऊन थांबली. बंदुलानं आधी गुडघ्याकडे पाहिलं, मग पाण्याची बाटली पुढे केली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "सर, निम्मा उतार तुम्ही पायी आलात. तेवढं भाडं कमी करतो."

रामटेक्यांचे कान तापले. पाणी प्यायचं राहिलं.

"नको, नको. चार घे. तू सांगितले होतेस तेच."

बंदुला ओशाळून हसला. "चार जास्तच सांगितले होते, सर. तुम्ही पाडून मागणार, म्हणून. तीन खरे."

"तीन?"

"तीन."

"...तीन," रामटेके म्हणाले. मग बाटली घेऊन पाणी प्यायले.

लंगडत ते गाडीपाशी गेले. सवयीनं मागचं दार उघडलं.

भन्तेंनी ते दार हलकेच लावलं.

"मागे नको. पुढे बस, त्याच्याशेजारी."