वाढत्या अंगाचा फ्रॉक

आया मुलींचे फ्रॉक वाढत्या अंगाचे शिवायच्या, खाली चांगली वीतभर दुमड ठेवायच्या, तेव्हाची ही आमच्या मिरजेतली गोष्ट. गल्लीतली इंदुमती कोर्टात उभी होती. घटस्फोट झालाच होता. लेक मंजिरी कुणाकडे राहणार, एवढंच ठरायचं होतं.

नवरा भालचंद्र, गुळाचा बडा व्यापारी, तीन वर्षं इकडे फिरकला नव्हता. आज मात्र खोकं घेऊन हजर! लेकीच्या फ्रॉककडे बोट दाखवत म्हणाला, "साहेब, या विटक्या रेघा बघा. तोच फ्रॉक उसवून उसवून घालते पोरीला. आणि मी बघा काय आणलंय!"

खोक्यातला जरीचा फ्रॉक त्याने मंजिरीच्या अंगाला लावला. तो जेमतेम कमरेखाली उतरला.

इंदुमती पुढे झाली. "साहेब, एकेक रेघ म्हणजे एकेक दिवाळी. पोर वाढली तशी मी दुमड सोडत गेले. यांच्या फ्रॉकात मावेल ती पोरगी यांनी खुशाल न्यावी. ही वाढलेली माझ्याकडे असू द्या."

जज्जसाहेब हसले. "कायदा जरीचा फ्रॉक बघत नाही, लेकराचं हित बघतो." ताबा आईला, पोटगी बापाकडून, भेट दर रविवारी.

पहिल्या रविवारी भालचंद्र रिकाम्या हातांनी दारात आला. "इंदू, तिचं माप सांगतेस?"

"सांगून काय उपयोग? ते बदलत राहणार. येत चला, म्हणजे कळेल."

तो येत राहिला. पुढे मंजिरीला लेक झाली, तेव्हा इंदुमतीने नातीसाठी त्या जुन्या फ्रॉकची दुमड त्याच रेघांवरून पुन्हा वर घेतली.