गगननाव सोडण्याआधी

एका रुंद नदीच्या काठी एक गाव होतं आणि त्या गावात एका नावाड्याची दोन मुलं राहत होती. थोरला भिवा बोलण्यात पटाईत आणि धाकटी गिरजा हातानं हुशार. इतकी हुशार, की नाव पाण्यावर चालते तर आभाळात का नाही, असं तिनं एकदा मनात घेतलं. लोक वेड्यात काढत राहिले आणि या पठ्ठीनं खरोखरच गगननाव बांधून दाखवली! दिवाळीतल्या बाणासारखी ती सुसाट वर जायची, पार निळं आभाळ संपून काळं लागेपर्यंत. येताना एक भलीमोठी छत्री उघडायची आणि नाव अलगद खाली उतरायची.

पहिल्यांदा गिरजा एकटीच वर जाऊन आली. आल्याआल्या ती भिवाकडे धावली.

"दादा, वरून आपली पृथ्वी बघितली आणि मला रडूच कोसळलं. हे सगळ्यांनी बघायला हवं रे."

"मग दाखवू की! भाडं घेऊ आणि नेऊ," भिवा म्हणाला. शेवटी नावाड्याचाच मुलगा तो. माणसांची ने-आण हा त्यांचा पिढीजात धंदा.

आता या नावाड्यांची एक रीत होती बरं का. नाव सोडण्याआधी नावाडी काठावर उभा राहून मोठ्यानं सांगायचा, "ऐका हो मंडळी! मध्ये धार जोराची आहे, नाव डोलेल. डोलली तरी कुणी उठू नका. पुढे भोवरा आहे. क्वचित नाव उलटतेसुद्धा. ज्याला उतरायचं असेल त्यानं आत्ताच उतरा." आणि उतरणाऱ्याला कुणी हसायचं नाही, हाही त्या रीतीचाच भाग. गिरजा आणि भिवा आपल्या बाबांच्या तोंडून हे ऐकतच मोठे झाले होते.

गगननावेचा पहिला प्रवासी ठरला धनाप्पा शेठ. डोंगरातल्या सगळ्या कोळशाच्या भट्ट्या त्याच्याच. स्वारी ढोलताशे वाजवत, गळ्यात हार घालून आली. शेठ आत बसला आणि गिरजा रीतीप्रमाणे काठाकडे वळली. तेवढ्यात भिवानं तिला बाजूला ओढलं.

"गिरजे, काय करतेस?"

"सांगते ना त्यांना. उतरताना नाव तापते, खिडक्या लाल होतात, कानठळ्या बसतात. आणि एखाद वेळी…"

"गप्प बस! नदीवरच्या लोकांना पलीकडे जाणं भागच असतं, म्हणून ते ऐकून घेतात. हा माणूस हौसेनं आलाय. त्याच्या पोटात गोळा आला की चालला उठून. मग दुसरं कोण फिरकणार इकडे? सगळ्यांना पृथ्वी दाखवायची म्हणतेस, ती कशी दाखवशील?"

गिरजा घुटमळली. शेठनं आतूनच हसत विचारलं, "काय हो बाई, धोका-बिका काही नाही ना?"

गिरजानं भिवाकडे पाहिलं. "छे हो शेठ! बसा आरामात."

नाव सुटली आणि ढग, वारा सगळं मागे पडलं. वर काळंभोर आभाळ, खाली निळी-पांढरी पृथ्वी. एवढा बडबड्या शेठ, पण खिडकीला नाक लावून बसला. मग हळूच म्हणाला, "बाई, पृथ्वीच्या कडेला ती निळी रेघ कसली?"

"ती हवा, शेठ."

"एवढीच? अहो, दुधावर साय असते तेवढीशीच आहे ही!"

"तेवढीच आहे. तिच्याखाली आपण सगळे."

"आणि त्यात मी रोज भट्ट्यांचा धूर सोडतो," शेठ पुटपुटला. त्याचे डोळे भरून आले होते.

मग नाव खाली निघाली. तापली, घुमू लागली, खिडक्या लालबुंद झाल्या. शेठच्या तोंडचं पाणी पळालं.

"आग! अहो बाई, आग लागली!"

"आग नाही शेठ! उतरताना हे असंच होतं. बसून राहा!"

"मघाशी म्हणालात धोका नाही, आता म्हणता असंच होतं! तुमचं खरं कुठलं मानू?" असं ओरडून शेठनं कमरेचा पट्टा सोडला आणि हाताला लागली ती दोरी ओढली. ती नेमकी छत्रीची! भलत्याच वेळी उघडलेली छत्री टराटरा फाटली. उरल्यासुरल्या छत्रीवर गिरजानं कशीबशी नाव नदीकडे वळवली आणि नाव चिखलात धाडकन आपटली. जीव वाचले हे नशीब. पण शेठचा हात मोडला आणि नावेची एक बाजू चेपली.

ही बातमी राजाच्या कानावर गेली. त्यानं तिघांना बोलावून भर दरबारात फर्मावलं, "ही नाव फोडून टाका."

गिरजाच्या पायाखालची जमीनच सरकली. भिवा कानाशी कुजबुजला, "अगं, दोरी शेठनं ओढली. सांग ना तसं! खोटं थोडंच आहे?"

खोटं नव्हतंच. तेवढं बोलली असती तरी सुटली असती. पण गिरजा म्हणाली, "महाराज, दोरी शेठनी ओढली. पण त्यांनी मला सरळ विचारलं होतं आणि मी त्यांच्याशी खोटं बोलले. पुढे काय होणार ते त्यांना ठाऊक असतं, तर ते जागचे हलले नसते. चूक माझी आहे, नावेची नाही." आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली. भिवानं मान खाली घातली.

हात गळ्यात बांधलेला शेठ उठला. आता हा हिची चांगलीच खरडपट्टी काढणार, असं सगळ्यांना वाटलं.

"महाराज, या बाईंचा मला भयंकर राग आलाय," शेठ म्हणाला. "पण नाव फोडू नका. ती नसती तर हवेची ती साय मी जन्मात पाहिली नसती. अर्ध्या भट्ट्या विझवल्या मी, तिथं आता झाडं लावणार आहे. माझ्यासारख्या आणखी चार जणांचे डोळे उघडायचे असतील, तर नाव राहू द्या."

राजानं थोडा विचार केला. "ठीक आहे. नाव राहील. पण खरं सांगितल्याशिवाय ती जागची हलणार नाही."

गिरजानं नाव पुन्हा बांधली. निघायच्या दिवशी नाव भरली आणि ती काठावर उभी राहिली. या वेळी भिवानंच गर्दीला शांत केलं.

"ऐका हो मंडळी! येताना नाव तापेल, खिडक्या लाल होतील, कानठळ्या बसतील. तरी पट्टा सोडू नका. आणखी एक. मी जिवापाड काळजी घेईन, पण एखाद वेळी आपण परत येणार नाही, असंही होऊ शकतं. ते माझ्या हातात नाही. ज्याला उतरायचं असेल त्यानं आत्ताच उतरा."

एक जोडपं उठलं, मग एक पैलवान उठला. भिवानं हात देऊन त्यांना उतरवलं आणि कुणी हसलं नाही. गिरजाला वाटलं, संपलं, आता सगळे जाणार. पण एक गवळण पदर खोचून बसून राहिली. शाळेचे गुरुजी बसून राहिले. आणि रिकाम्या जागेवर येऊन टेकला तो कोण? धनाप्पा शेठ!

"शेठ, तुम्ही?"

"मागच्या वेळी उतरताना भीतीनं धड काही बघितलंच नाही हो. तेवढं बघायचं राहिलंय."

नाव वर गेली. जे बघायचं ते सगळ्यांनी डोळे भरून बघितलं आणि नाव माघारी फिरली. खिडक्या लाल झाल्या. गवळणीचा हात आपसूक पट्ट्याकडे गेला. शेठनं तो हात घट्ट धरला.

"घाबरू नका मावशी. बाईंनी सांगितलं होतं ना, तसंच चाललंय सगळं."

तात्पर्य काय, तर नव्या वाटेवर माणसांना जरूर न्यावं, पण वाटेतला धोका आधी सांगून. कारण ज्याला खरं सांगितलं, तोच अडचणीच्या वेळी आपल्यावर भरवसा ठेवतो.