दोन भिंतींवरच्या रेघा

फार जुन्या काळची गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा माणसं आपलं वय वर्षांनी सांगत नसत, कांद्याच्या राशीवरून सांगत.

तुम्ही हसाल, पण त्या राज्यात तशीच रीत होती. गडाच्या पायथ्याशी कांदे साठवायची एक लांबलचक चाळ होती. चाळीबाहेर खळं आणि खळ्याच्या कडेला काळ्या दगडाची उंच भिंत. चैत्रात कांदा निघाला की साऱ्या गावांचा कांदा त्या भिंतीशी ओतायचा आणि रास जिथवर पोचेल तिथे चुन्याची रेघ ओढायची. त्या साली जन्मलेलं मूल त्या रेघेचं. “तुझी रेघ कोणती?” असं कुणी विचारलं, की माणूस भिंतीपाशी जाऊन बोट ठेवी.

सगळ्यांत खालची रेघ घोट्याएवढी होती. ती कुणाच्या आजोबाची, हे सांगणारं आता कुणी उरलं नव्हतं. तिच्यावर गुडघ्याची, मग मांडीची, मग कमरेची. चाळीस-पन्नास वर्षांत रेघा बोटाबोटाने चढत माणसाच्या छातीपर्यंत आल्या होत्या. परदेशी वाटसरू त्या भिंतीपुढे थबकायचे. एका तळहाताएवढ्या भूमीने इतका कांदा द्यावा, याचं त्यांना नवल वाटायचं आणि ते नकळत हात जोडायचे.

इतका कांदा कशाला, असं विचाराल तर त्याला कारण होतं. त्या मुलखात पावसाळ्याचे चार महिने दुसरी भाजी पिकत नसे. गरिबाच्या भाकरीवर कांदा असला तर जेवण, नाहीतर नुसतं पोट भरणं.

चाळ सांभाळायला एक म्हातारी होती. तिच्याआधी तिची आई हेच काम करायची. बियाण्याचे कांदे निवडणं हे तिचं मुख्य काम आणि तिची रीत मोठी विचित्र. चैत्रात रास पडली की ती तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. पावसाळा सरला, दसरा झाला, की मग चाळीत शिरायची. उरलेला एकेक कांदा हातात घेऊन दाबायची, त्याची मान चाचपायची. घट्ट, बारीक मानेचा, कोंब न आलेला असेल तोच तिच्या टोपलीत पडायचा.

ती म्हणायची, “ज्यानं चार महिने पाऊस ऐकला आन् तरी कोंब काढला नाही, तो बियाण्याचा.”

ते कांदे ती कार्तिकात चाळीमागे लावी. त्यांना दांडे येत, दांड्यांवर पांढरे गोंडे फुलत आणि गोंड्यांत काळं बी धरे. त्याच बियाने सारं राज्य पुढच्या साली कांदा पिकवी.

मग गादीवर एक तरुण राजा आला. मनाने वाईट नव्हता, पण घाईचा होता. भिंतीपुढे उभा राहून म्हणाला, “दर साली बोटभरच का? माझ्या वडिलांच्या राज्यातली शेवटची रेघ माझ्या छातीशी आहे. माझ्या राज्यातली माझ्या डोक्यावर हवी.”

त्या चैत्रात राशीत काही कांदे असे निघाले, की एकेक कांदा ओंजळीत मावेना. राजा हरखला. “हेच बियाण्याला घ्या. मोठ्याचं बी मोठं होणार!”

दरबारी मंडळींनी माना डोलावल्या. जन्मात कधी वाफ्यात न उतरलेले, पण नाकाने कांदे सोलण्यात एकापेक्षा एक सरस.

म्हातारी तेवढी पुढे आली. “महाराज, काढणीला सगळेच कांदे देखणे असत्यात. मोठ्याची मान जाड. जाड मानेत पाणी राहतं. पावसाळा निघू द्या, मग निवडा.”

“आजी,” राजा हसला, “मी रास बघतो आणि तुम्ही उरलेलं बघता.”

“उरलेलंच बघते, महाराज. खायचं तेच असतं.”

हे राजाला झोंबलं. त्याने तिला कामावरून काढलं. जाताना काय हवं, असं विचारलं तेव्हा तिने चाळीमागे उभ्या असलेल्या गोंड्यांपैकी ओटीभर गोंडे मागितले. “न्या,” राजा म्हणाला, “आता त्यांचं आम्हाला काय काम?”

निवडलेले थोर कांदे महालात नेले. त्यांना रेशमी झोळ्यांत टांगलं आणि पावसाळाभर दोन सेवक पंख्याने वारा घालत बसले. कार्तिकात ते लावले आणि पुढे त्यांचं बी गावोगाव वाटलं.

तिसऱ्या साली रास राजाच्या डोक्यावर गेली. चौथ्या साली रेघ ओढणाऱ्याला शिडी लागली. ढोल वाजले, माणसं माना वर करून बघत राहिली आणि पुष्कळांचे डोळे भरून आले. खरंच, तसं दृश्य त्या भूमीने कधी पाहिलं नव्हतं.

चाळीच्या मागच्या दाराने मात्र श्रावणापासून सडका कांदा पाट्या भरभरून ओढ्यात जाऊ लागला. आधी थोडा, मग निम्मा. कुणी राजाला सांगितलं नाही, कारण सडक्याची रेघ ओढायची रीतच नव्हती.

सातव्या साली दोन शिड्या एकमेकींना बांधाव्या लागल्या. आणि त्याच साली पाऊस लागून राहिला. भाद्रपदात चाळीचं दार उघडलं तेव्हा आतून कांदा नाही, तपकिरी पाणी वाहत आलं.

रेघ ओढणारा राजापुढे येऊन उभा राहिला. “महाराज, हात पोचत नव्हता तिथं मी रेघ ओढली. घरी आज आठवा दिवस आहे, पोरं मीठ-भाकर खातायत. एवढी मोठी रास गेली कुठं?”

राजा उठला आणि जन्मात पहिल्यांदा चाळीच्या आत शिरला.

चाळ जवळजवळ रिकामी होती, म्हणून आतली भिंत दिसत होती. तिच्यावरही रेघा होत्या. कोळशाच्या, बारीक, एकाखाली एक. खालच्या रेघा म्हातारीच्या आईने ओढलेल्या, वरच्या रेघा म्हातारीने. दर साली पावसाळा सरल्यावर किती उरलं, त्याची खूण. त्याही बोटाबोटाने चढत कमरेपर्यंत आल्या होत्या आणि सात वर्षांमागे थांबल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ढोल वाजवले नव्हते. दोन बाया पन्नास वर्षं एका राज्याची भाकर मोजत राहिल्या होत्या.

राजाने पायताण काढलं. त्या घाणीत धड उरलेले थोडे कांदे त्याने स्वतः त्या भिंतीशी लावले. ते सगळ्यांत खालच्या रेघेलाही पोचले नाहीत. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

म्हातारी तिच्या परसात कांदे चाचपत बसली होती. बी वर्षाच्या पुढे टिकत नाही, म्हणून सात वर्षं तिने न चुकता बी पेरलं होतं, कांदा ठेवला होता, पावसाळ्यानंतर निवडला होता आणि पुन्हा लावला होता. तिने एक गाडगं पुढे केलं. राजाने चिमूटभर काळं बी तळहातावर घेतलं.

“श्वास धरा, महाराज,” म्हातारी म्हणाली, “उडून जाईल. तुमच्या हातात आख्खी भिंत आहे.”

राजाने खरोखर श्वास धरला.

“सगळ्या राज्याला पुरेल?”

“एका कोपऱ्याला पुरंल. बाकीच्याला वर्षं लागतील. कांद्याला हुकूम कळत नाही.”

पुढच्या चैत्रात बाहेरची रेघ घोट्याशी आली. ती राजाने स्वतः, जमिनीवर बसून ओढली. कुणी हसलं नाही. दसऱ्यानंतर चाळ उघडली, तर खाल्लं तेवढंच कमी झालं होतं; बाकी रास कोरडी, खुळखुळणारी. म्हातारीने कोळसा राजाच्या हातात दिला.

म्हातारी गेली, राजा म्हातारा झाला. तरी दर साली दसऱ्यानंतर तो चाळीत मांडी घालून बसे आणि एकेक कांद्याची मान चाचपी. आतल्या रेघा पुन्हा कमरेला लागल्या, तेव्हा त्याचे केस पांढरे झाले होते. आता तिथली माणसं आपलं वय आतल्या भिंतीवर दाखवतात. बाहेरची ती दोन शिड्यांची रेघ अजून आहे, पण कुणीही तिच्याकडे बोट दाखवून ‘ती माझी’ म्हणत नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: काढणीला दिसते ती रास, पण पावसाळा काढून जे उरतं तेच पीक.